मे महिन्याच्या हिशोबावर परसबाग आणि जनावरं बसवा

तुमचा बेत मी असा समजले: राजापूर तालुक्यात सासऱ्यांचं घर, भोवती ३० गुंठे जमीन. त्यातले १० गुंठे खालचे, भाताचे, बाकी वरकस, म्हणजे वरची हलकी जमीन. चार आंब्याची कलमं, दोन फणस, आठ माड आणि एक जुनी बांधीव विहीर. तुम्ही तिघं येत्या जूनमध्ये डोंबिवली सोडून कायमचे गावी येणार आणि आल्याबरोबर परसबाग, २५ कोंबड्या, ४ शेळ्या आणि एक गाय अशी सुरुवात करणार. वर्षभरात भाजी, अंडी आणि दूध घरचं व्हावं ही इच्छा, आणि त्यासाठी महिन्यावार काय करायचं हे तुम्ही विचारलंत.

महिन्यावार सांगते. पण तुमच्या यादीत एप्रिल-मेचा उल्लेखच नाही, आणि कोकणात असा संसार टिकतो की मोडतो ते त्या दोन महिन्यांवर ठरतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. पऱ्ये, म्हणजे लहान ओढे, दिवाळीनंतर आटायला लागतात, शिमग्यापर्यंत गवत करपून जातं, आणि मेमध्ये याच जिल्ह्यातल्या काही वाड्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं. जुलैत तुमची जागा बघून कोणालाही वाटेल की इथे चार गाई सहज पोसतील. तीच जागा मेमध्ये दोन शेळ्यांचं पोट भरताना दमते. म्हणून जनावरं किती आणि भाजी किती, हे मेमध्ये हाताशी काय उरतं त्यावरून ठरवा. माझं पुढचं सगळं सांगणं याच हिशोबातून आलेलं आहे.

आधी पाणी. येण्यापूर्वी, एप्रिलच्या शेवटी, एकदा गावी जाऊन विहीर मोजा. संध्याकाळी पंप लावून जमेल तेवढी उपसा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पाणी किती चढलं ते बघा. विहिरीचा व्यास ३ मीटर असेल तर एक फूट चढलेलं पाणी म्हणजे सुमारे २१५० लिटर. हा आकडा कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण मेच्या शेवटी तो आणखी खाली येतो.

आता पाण्याचा रोजचा खर्च बघा. तीन माणसांना अंघोळ, धुणं, स्वयंपाक मिळून ३०० ते ४०० लिटर. दहा कोंबड्यांना उन्हाळ्यात तीन-चार लिटर पुरतं. दोन शेळ्यांना १२ ते १५ लिटर. लहान चणीच्या गाईला पिण्यालाच ४० ते ५० लिटर. आणि एक गुंठा भाजी? उन्हाळ्यात जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा, म्हणजे १०० चौरस मीटरला रोज ५०० लिटर. त्यात तुमचे आठ माड प्रत्येकी ४०-५० लिटर मागणार. लोकांना जनावरांच्या पाण्याची धास्ती असते, पण खरी तहान भाजीची आणि माडांची आहे. ठिबक लावलं आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं चांगलं वीतभर आच्छादन घातलं तर ही तहान बरीच कमी होते, संपत मात्र नाही.

सकाळी विहिरीत फूटभरही पाणी चढत नसेल, तर मेमध्ये वाफ्यातली भाजी ठेवायचीच नाही असं आत्ताच ठरवून टाका. त्या महिन्यात न्हाणीच्या पाण्यावर जे जगतं तेच खायचं: भाजीचं अळू, केळी, कढीपत्ता, चार मिरच्या, आणि शेवगा, जो एकदा मूळ धरल्यावर फारसं मागत नाही. न्हाणीचं पाणी उताराने केळीच्या आळ्यात सोडा. साधा साबण चालतो, फिनेल आणि ब्लीचिंग पावडर त्या मोरीत जाऊ देऊ नका.

छपराचं पाणी विहिरीजवळ मुरवावं का, हे जागेवर अवलंबून आहे. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३ मीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर पाणी, ऐकायला फार मोठं वाटतं. पण घर उतारावर किंवा सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या पठाराच्या) कडेला असेल तर मुरलेलं पाणी जांभ्यातून खाली निघून जातं आणि मेपर्यंत तुमच्या विहिरीत थांबत नाही. सपाट जागेत, खाली माती खोल असेल तर नक्की उपयोग होतो. तुमची जागा मी पाहिलेली नाही, म्हणून मी दुसरा, खात्रीचा उपाय सुचवते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कलमांना पाणी घालण्यासाठी जलकुंडं सुचवली, तसा जाड प्लॅस्टिकचं अस्तर घातलेला खड्डा करा. ४ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर खोल खड्ड्यात ८००० लिटर मावतं. विहीर भरलेली असताना, जानेवारीत, तो भरून ठेवा आणि वर माडाच्या झापांचं छप्पर घाला म्हणजे पाणी उडून जाणार नाही. रोज २०० लिटर काढलं तर ते ४० दिवस पुरतं. भोवती कुंपण मात्र हवंच, लहान मूल असो की वासरू.

आता वैरण, आणि इथेच तुमच्या गाईचा प्रश्न येतो. कोकण कपिला ही आपल्याकडची लहान चणीची, काटक गाय. तिचं वजन २५० किलोच्या आसपास धरलं तर तिला रोज साधारण ६ किलो कोरडा चारा लागतो. डिसेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत बाहेर हिरवं जवळजवळ काही नसतं. ते २०० दिवस धरा आणि त्यातला रोजचा ५ किलो पेंढा धरा, झाला एक टन. तुमच्या १० गुंठ्यांत चांगलं पीक आलं तर तीन-साडेतीनशे किलो भात आणि तेवढाच किंवा थोडा जास्त पेंढा येईल. म्हणजे गरजेचा तिसरा हिस्सा. बाकीचा विकत घ्यायचा. शिवाय नुसत्या पेंढ्यावर गाय जगते, दूध देत नाही. त्यावर पेंड, भुसा, क्षारमिश्रण आणि थोडं तरी हिरवं लागतं. एवढं करून कपिलेकडून दिवसाला दीड-दोन लिटरच दूध धरावं, आणि तेही ती आटेपर्यंत. संकरित गाय जास्त देईल, पण आपल्या दमट उन्हाळ्यात आणि चार महिन्यांच्या ओलीत तिला धाप, गोचीड आणि खुरांचे त्रास लवकर होतात, आणि तिचं खाणंही दुप्पट.

पहिल्या वर्षी गाय घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. वाडीत ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांच्याकडून दूध घ्या आणि शेणखतही विकत घ्या. याला अपवाद आहे. घरात गुरांची सवय असलेलं माणूस असेल, वाडीची गुरं चरायला नेणारा राखणा अजून असेल आणि सड्यावर चराई मोकळी असेल, तर हिशोब बदलतो. हे तिन्ही आहे का ते सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की ठाऊक असेल.

शेळ्या चारऐवजी दोन. मेमध्ये तुमच्याकडे शेळीला देण्याजोगं जे उरतं ते म्हणजे फणसाचा पाला. फणस बारमाही हिरवा, आणि शेळ्या त्याच्यावर तुटून पडतात. दोन फणसांच्या खालच्या फांद्या आलटूनपालटून छाटल्या तर दोन शेळ्यांना आधार होतो; चार शेळ्यांना नाही, आणि झाडंही खराट्यासारखी होतील. रोज एका शेळीला तीन-चार किलो पाला आणि वर मूठ-दोन मूठ कोरडं, असं साधं प्रमाण मी धरते. चाऱ्याची झाडं याच पावसात लावायला हवीत. गिरीपुष्पाचे हातभर लांब, जाड फाटे जूनमध्ये वईत, म्हणजे कुंपणात, रोवा, मधेमधे शेवरी आणि हादगा पेरा. पहिल्या वर्षी त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ती तुमची खरी वैरण असेल, आणि शेळ्या वाढवायच्या तर तेव्हा वाढवा.

जात निवडताना इथल्या पावसात जन्मलेली शेळी घ्या. कोकण कन्याळ ही मूळ सिंधुदुर्गातली, उंच, लांब पायांची, आपल्या हवेला सरावलेली. उस्मानाबादी उत्तम जात आहे, पण ती कोरड्या मुलुखातली. घाटावरच्या बाजारातून गाडीत घालून जूनमध्ये आणलेल्या शेळ्या इथे पहिल्याच झडीत खोकायला लागतात, मग फुफ्फुसदाह, मग खुरं कुजणं. कोणतीही शेळी घ्या, तिच्यासाठी जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांचा माचा करा. फळ्यांमध्ये लेंडी खाली पडेल पण खूर अडकणार नाही एवढी, बोटभर फट. शेळी पावसात अर्धपोटी राहिली तरी तग धरते, ओल्या जमिनीवर बसली की आजारी पडते.

तुमच्या वेळापत्रकात मी सगळ्यात मोठा बदल इथे करीन: जूनमध्ये या, पण जून ते ऑक्टोबर फक्त झाडं आणि भाजी करा. जनावरं दिवाळीनंतर आणा. तोपर्यंत तुम्हाला पाऊस कुठून मारतो, पाणी कुठे साचतं, छप्पर कुठे गळतं, मुंगूस कुठून येतं हे सगळं समजलेलं असेल आणि खुराडं, माचा कोरड्या दिवसांत बांधता येतील.

पावसाळी भाजी हा कोकणातल्या परसाचा खरा हंगाम, त्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहिते. पडवळ, दोडकी, कारली, काकडी, भोपळा यांना जुलैचा मुसळधार पाऊस सुरू होण्याआधी वेल मांडवाला लागलेला हवा. त्यासाठी बी मेच्या तिसऱ्या आठवड्यात, डोंबिवलीत असतानाच, लहान पिशव्यांत टाका आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की रोपं आळ्यांत लावा. आळी उंचवट्यावर करा, त्यात कुजलेलं शेणखत आणि चुलीची राख घाला. आपली माती आंबट असते, राखेने थोडा फरक पडतो. खत एकदम देऊ नका, पाऊस ते धुऊन नेतो. दर पंधरा-वीस दिवसांनी ओंजळभर द्या. वाणांचं म्हणाल तर दापोलीचे कोकण तारा कारलं आणि कोकण हरिता दोडका आपल्या पावसासाठीच काढलेले आहेत. शेजारणीकडे घरचं बी असेल तर ते निम्मं लावाच.

जुलैत फुलं भरपूर आणि फळ एकही नाही अशी तक्रार दरवर्षी कोणीतरी करतं. कारण साधं आहे, संततधार पावसात मधमाश्या, पतंग फिरत नाहीत. दोडक्याची आणि पडवळाची फुलं संध्याकाळी उमलतात, कारल्याची आणि काकडीची सकाळी. मादी फुलाच्या मागे बारीक फळ असतं, त्यावरून ते ओळखता येतं. उघडीप मिळाली की नर फूल तोडून त्याचा मधला भाग मादी फुलाला हलकेच लावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि मांडव भरतो. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा सापळा टांगा. आंब्यासाठी मिळणारं मिथाइल युजेनॉलचं आमिष वेगळं, ते वेलभाज्यांच्या माशीला चालत नाही. दुकानदाराला नीट सांगून घ्या.

पालेभाजीसाठी जून-जुलैत वाफे करण्याचा आग्रह धरू नका. लाल माठ सपाट्याच्या पावसात मातीत लोळतो आणि कुजतो. त्या दिवसांत परसाबाहेर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आपोआप उगवते. वाडीतल्या बायकांबरोबर दोन-तीनदा जा, ओळख करून घ्या. अळंब्या मात्र जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय खाऊ नका.

हळद आणि आलं मेच्या अखेरीस उंच गादीवाफ्यांवर लावतात, सुरण त्याच्या थोडा आधी; यंदा तुम्ही जूनमध्ये येताय, तर आल्याबरोबर लावा. माकडांचा त्रास तुम्ही लिहिला नाहीत, पण राजापुरात तो असणारच. माकडं हळद, आलं, सुरण, अळू यांना हात लावत नाहीत. त्यामुळे घरापासून लांबच्या जागेत हीच पिकं घ्या आणि काकडी, भेंडी, भोपळा घराच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा. रानडुकरं आणि साळिंदर कंद उकरतात. त्यांची वाट कुठली हे गणपतीपर्यंत लक्षात येईल, तेवढ्या बाजूला जांभ्याचा गडगा घाला.

भाताच्या १० गुंठ्यांत पहिल्या वर्षी स्वतः चिखलणी-लावणी करायला जाऊ नका. कोणाला तरी अर्ध्या वाट्याने द्या, पण पेंढा तुमचा असं आधीच बोलून घ्या. बरेचजण भाताचा वाटा ठरवतात आणि पेंढ्याचा विसरतात. त्या चिखलात उतरायचंच झालं तर गमबूट घाला, पायावरची जखम झाका आणि दोन दिवस ताप राहिला तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोची (उंदरांच्या मुतामुळे पसरणाऱ्या तापाची) शंका सांगा. आपल्या भागात हा आजार आहे, आणि वेळेत औषध मिळालं तर तो बरा होतो.

ऑक्टोबरात कापणी झाली की वैरणीची घाई करा. पेंढा याच वेळी शेतावर, हाताशी आणि स्वस्त असतो; मार्चनंतर विचारायला गेलात तर भाव दुप्पट किंवा नाहीच. सड्यावरचं गवत फुलोऱ्यात असताना कापून वाळवलं तर त्यात कस राहतो. बी झडल्यावर कापलं तर नुसती काडी. शेळ्यांना पेंढा फारसा आवडत नाही, पण आच्छादनाला, खताला आणि पुढच्या गाईला तो लागणारच. उडवी घराच्या मागे उंचवट्यावर रचा, चुलीपासून लांब.

भात निघालेल्या ओलीवर लगेच कडवे वाल, कुळीथ, चवळी टाका. जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर ही पिकं होतात, एक थेंब पाणी द्यावं लागत नाही, आणि वर्षभराच्या डाळीची मोठी सोय होते. शिवाय कुळथाचं भुसकट शेळ्यांना चालतं. मला विचाराल तर या जमिनीवर याच्याइतकं कमी खर्चाचं दुसरं पीक नाही. एक अट आहे: भात निघालं की गावातली गुरं मोकळी सोडायची रीत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. वई पक्की नसेल तर वाल तुम्ही पेराल आणि दुसऱ्याची गुरं खातील. तेव्हा नोव्हेंबरात पहिलं काम कुंपणाचं.

त्याच सुमारास घराजवळ एक-दीड गुंठ्यात हिवाळी भाजी: वांगी, मिरची, टोमॅटो, मुळा, नवलकोल, लाल माठ, मेथी. विहिरीला पाणी असतं, कीड कमी असते, हात बसायला हा हंगाम सगळ्यात सोपा. फेब्रुवारीपासून एकेक वाफा बंद करत या आणि मोकळ्या वाफ्यावर पाला पसरून ठेवा. पाला जाळू नका. राब भाजायची जुनी पद्धत तुम्हाला गावात दिसेल, पण आपल्या मातीला कमी पडतो तो हाच कुजलेला पाला.

कोंबड्या नोव्हेंबर-डिसेंबरात आणा, आणि २५ नकोत, १२ ते १५ पिल्लं पुरे. हिशोब असा. मोठी कोंबडी रोज १०० ते १२० ग्रॅम खाते. २५ कोंबड्यांना महिन्याला ८० किलोच्या वर खाद्य झालं. दहांना ३३ किलो, आणि मोकळ्या फिरल्या, घरची कणी, नाचणी, उरलंसुरलं मिळालं तर त्याहून कमी. गावठी कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते. ग्रामप्रियासारखी परसातली सुधारित जात त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. आठ सुधारित आणि दोन गावठी असल्या तर सरासरी रोज तीन अंडी, तिघांच्या घराला रगड. गावठी दोन यासाठी की सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, आणि पिल्लं काढायला खुडूक कोंबडीच हवी. तिच्याखाली २१ दिवसांत पिल्लं निघतात आणि त्यांना सांभाळण्याचं अर्धं काम तीच करते.

एक दिवसाची पिल्लं पहिल्या वर्षी घेऊ नका. त्यांना पहिला आठवडा ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे ती आठवड्याला थोडीथोडी कमी करायची, आणि गावची वीज रात्री गेली की सकाळी पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चेंगरून मेलेली सापडतात. पाच-सहा आठवड्यांची, लसी झालेली पिल्लं घ्या आणि कुठल्या लसी कधी दिल्या ते लिहून मागा. राणीखेत, म्हणजे मानमोडी, हा खरा शत्रू. तो आला तर दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं करतो आणि त्याला औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटाचे, म्हणजे राणीखेतच्या लसीचे, थेंब, दुसऱ्यात गंबोरो या आजाराची लस, चौथ्यात पुन्हा लासोटा, आणि सहा ते आठ आठवड्यांत देवी आणि राणीखेतची टोचणी, असा साधारण क्रम असतो. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिथला क्रम विचारा. लसीची कुपी सहसा १०० किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि फोडल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी. तुमच्या कोंबड्या सुरक्षित राहण्यासाठी शेजारच्या कोंबड्यांनाही लस मिळणं तितकंच गरजेचं आहे, त्यामुळे पुढाकार तुम्ही घ्या.

खुराड्याची उघडी बाजू पश्चिमेला नको, पावसाची झड तिथूनच येते. पाखं लांब काढा, पावसाळ्यात बाजूला झापं बांधा. जमिनीवर भाताचं तूस तीन-चार बोटं जाड घाला, दर दोन-तीन दिवसांनी हलवा, ओलं झालेलं लगेच काढा. ओल्या तुसातूनच रक्ती हगवण येते. जाळी अर्ध्या इंचाची. मोठ्या भोकातून साप आत जातो आणि मुंगूस पंजा घालतं. दिवेलागणीआधी दार बंद, रोज. शेळ्यांचा माचाही रात्री चारी बाजूंनी बंद होणारा हवा, बिबट्या आता वाड्यांपर्यंत येतो.

पिल्लांत काही कोंबडे निघणार आणि शेळीला बोकड होणार. त्यांचं काय करायचं हे घरात आधी बोलून घ्या. चार-पाच महिन्यांनंतर ते खातात बरंच आणि आपसात मारामाऱ्या करतात. गावठी कोंबड्याला राखणीच्या (गावच्या राखणदार देवाला मान देण्याच्या) वेळी, शिमग्याला मागणी असते. बोकडालाही गिऱ्हाईक घरी येतं. मारणं आणि विकणं दोन्ही मनाला पटत नसेल तर शेळ्या घेऊ नका, लसीकरण झालेल्या फक्त तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, निवडून आणा. यात कमीपणा काही नाही, पण तो निर्णय पिल्लू हातात आल्यावर घेणं फार जड जातं.

शेळ्या डिसेंबर-जानेवारीत आणा, शक्यतो एकाच घरातल्या दोन, म्हणजे एकमेकींना धरून राहतील. एक गाभण असली तर उत्तम. शेळीचा गाभणकाळ १५० दिवसांचा, त्यामुळे करडं भर पावसाच्या तोंडावर येणार नाहीत असा महिना विचारून घ्या. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लस एकदा दिली की तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची मेमध्ये, पहिल्या पावसाआधी, कारण कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की तोच आजार उफाळतो. जंताचं औषध पावसाआधी आणि पावसानंतर, मात्रा वजनावरून आणि डॉक्टरांकडूनच. आणि शेळी कधीही मोकळी सोडू नका. शेजाऱ्याच्या हापूसचं नवं कलम तिने एकदा शेंड्यावरून खुडलं की वर्षानुवर्षं जोडलेली माणसं दुरावतात. दोर लावून चारा किंवा पाला माच्यावर आणून द्या.

मार्च ते मे नवीन काही सुरू करायचं नाही. आहे ते जगवायचं, लेंड्या आणि कोंबडखत दोन-तीन महिने कुजवून पावसाच्या आळ्यांसाठी तयार करायचं. ताजं कोंबडखत रोपं जाळतं. दुपारी कोंबड्यांच्या पाण्यात गारवा राहील असं मडकं ठेवा, सावलीत. या तीन महिन्यांत रोजचं पाणी आणि पाला वहीत लिहा. मेअखेर उडवीत पेंढा शिल्लक असेल, जलकुंड तळाला गेलेलं नसेल आणि वईतलं गिरीपुष्प फुटलेलं असेल, तर पुढच्या दिवाळीत कपिला आणायला हरकत नाही. यातलं एक जरी नसेल तर आणखी एक वर्ष थांबा. दूध वाडीत मिळतंच आहे.

वर्षाअखेर काय हाती लागेल? अंडी एप्रिल-मेपासून सुरू होतील आणि पुरतील. भाजी जुलैअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत बहुतेक घरची, उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त बाजारची. वाल, कुळीथ, हळद, सुरण घरचे. दूध घरचं नाही. खर्च वसूल होणार नाही. कुंपण, खुराडं, माचा, जलकुंड यांतच पहिल्या वर्षाचे पैसे जातात, तेवढे बाजूला काढूनच या.

शेवटी तुम्ही विचारलंत की मेमध्ये भाचीच्या लग्नाला आठ दिवस डोंबिवलीला जाता येईल का. येईल, पण माणूस ठेवून आणि त्याला पैसे देऊन. ओळखीवर सोडू नका. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ यावं लागेल. आठ दिवसांचं खाद्य मोजून वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ठेवा, पाला कोणत्या फणसाच्या कोणत्या फांदीचा काढायचा ते दाखवा, पाण्याची भांडी दुप्पट करा, डॉक्टरांचा नंबर खुराड्याच्या दारावर लिहा. आणि निघण्याआधी दोन दिवस त्याच्याकडूनच सगळं करून घ्या. तुम्ही फक्त बाजूला उभं राहून बघा, कडी लावायला विसरतो का ते.